सोळातल्या दहा उरल्या, आता काय करू?

एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा सारांश असा. त्यांच्या परसात १६ कोंबड्या होत्या. त्यांतल्या चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) तेरा दिवसांपूर्वी नव्या आणून त्याच खुराड्यात सोडलेल्या. गेल्या चार दिवसांत सहा गेल्या. पहिली संध्याकाळी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, हिरवट पातळ हगली आणि सकाळी मेलेली सापडली. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी एक, चौथ्या दिवशी आणखी दोन. उरलेल्या दहांपैकी तीन पेंगत बसल्या आहेत. त्यांतल्या एकीची मान एका बाजूला मुरगळली आहे आणि ती नेमकी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीची लाडकी. अंडी रोजच्या आठ-नऊंवरून दोनांवर आली. घरात माणसासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या दिरांनी पाण्यात विरघळवून दिल्या, फरक पडला नाही. सासरे म्हणतात, उभ्या आहेत तोवर विका, नाहीतर कापून मोकळ्या व्हा. शेजारच्या घरीही कोंबड्या आहेत, पण बोभाटा नको म्हणून त्यांना काही सांगितलेलं नाही. ताईंचे प्रश्न : कोणतं औषध देऊ? उरलेल्या विकू का? अंडी खाऊ का? आणि पत्राच्या तळाशी एकच ओळ : ‘हे माझ्यामुळे झालं का?’

ताई,

पत्र हाती पडलं त्याच दिवशी तातडीचं तेवढं तुम्हाला वेगळं कळवलं होतं. इथे तेच सविस्तर लिहिते आहे, कारण परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, आणि येते तेव्हा शांतपणे वाचत बसायला सवड नसते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. ‘कोणतं औषध देऊ’ असं विचारताना आपण एक गोष्ट नकळत गृहीत धरतो : आजार ठरलेला आहे, आता फक्त त्याची गोळी हवी. पण आजार ठरलेला नाही. तुम्हाला तो कळलेला नाही, दिरांना कळलेला नाही, आणि नुसत्या पत्रावरून मीही तो सांगणार नाही. फुगवलेली पिसं, मिटलेले डोळे, पडलेले पंख, पातळ हगवण एवढ्यावर कोंबडीचं सांगणं संपतं, मग दुखणं कोणतंही असो. हिरवा रंग तर नुसत्या उपाशीपणानेही येतो. पोटात दाणा गेला नाही की पित्तच बाहेर पडतं. शिवाय कोंबडी दुखणं लपवते. कळपात अशक्त दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत उभी राहते. ‘काल चांगली होती, आज मेली’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा ती कालही आजारी होती आणि परवाही.

म्हणून एका कोंबडीकडे बघण्याआधी सगळ्या कळपाकडे बघा. कोण, कधी, किती वेळाने आणि कुठे, यातून पुष्कळ कळतं. पाच-सात कोंबड्या एकाच दुपारी, काही तासांच्या आत गेल्या, तर मनात आधी विष यावं : फवारणी झालेलं बियाणं, उंदराचं औषध, खाऱ्या वस्तूंचा ढीग. किंवा उष्माघात. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगाची उष्णता मुळातच ४१-४२ अंश सेल्सियस असते आणि चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा मुख्य उपाय. कोंदट खुराड्यात तो पुरत नाही. याउलट आज एक, उद्या दोन, परवा आणखी, अशी मरतूक चालू राहिली तर ती बहुतेक एकीकडून दुसरीकडे जाणारी साथ असते. तुमच्या पत्रातला क्रम हा दुसऱ्या तऱ्हेचा आहे. एकच कोंबडी आजारी असून बाकी ठणठणीत असत्या, तर मी अंडं अडकलं आहे का, गळ्याखालची दाण्याची पिशवी तुंबली आहे का, असे वेगळेच प्रश्न विचारले असते. ती पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही टणक लागली तर अडचण तिथे आहे.

आता मानेबद्दल, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची खूण तीच आहे. मान टाकणं वेगळं आणि मान मुरगळणं वेगळं. सडलेल्या मढ्यावरच्या अळ्या कोंबड्यांनी खाल्ल्या तर त्यांतून बोट्युलिझमचं विष पोटात जातं. मग पाय लुळे पडतात, पंख लुळे पडतात आणि मान सैल होऊन जमिनीला टेकते. ती मान हाताने उचलली तर उचलली जाते, सोडली की पडते. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, तसं नसतं. तिथे मज्जातंतूंवर घाव बसतो आणि मान पीळ पडल्यासारखी एका बाजूला किंवा पाठीकडे वळते. कोंबडी गोल गोल फिरते, दाण्यावर चोच मारते आणि दाणा चुकतो. त्याच्या जोडीला हिरवी हगवण, घुरघुर, तोंड उघडून श्वास, पातळ कवचाची अंडी. तुम्ही लिहिलेलं चित्र याच्या जवळ जातं. पण जीवनसत्त्वांच्या कमतरतेतही मान वळते, आणि बर्ड फ्लूमध्येही मज्जातंतू बिघडतात. म्हणून मानमोडीचा संशय धरा, नाव पक्कं करू नका.

मानमोडीची पहिली शास्त्रीय नोंद १९२६ सालातली, जावा बेटावरची आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळची. तिकडे तिला न्यूकॅसलचं नाव मिळालं, इकडे राणीखेतचं. विषाणू अंगात शिरल्यापासून खूण दिसायला २ ते १५ दिवस लागतात, बहुतेकदा पाच-सहा. तुमच्या तलंगा आल्या आणि नवव्या दिवशी पहिली कोंबडी बसली, हे या हिशेबात बसतं. आणि एकदा आजार लागला की त्यावर औषध नाही. कोणतंही नाही. ही वाईट बातमी आहे, पण आज तिचा एक उपयोग आहे : निरनिराळ्या गोळ्या आणून देण्यात वेळ घालवू नका.

दुसरा संशय कॉलऱ्याचा. हा जिवाणूंचा आजार, माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचा संबंध नाही. यात धडधाकट, अंगाने भरलेली कोंबडी अचानक मरते, तुरा जांभळा पडतो, गळ्याखालची लोंबती कातडी सुजते. याच्यावर औषधं चालतात, पण वेळेवर आणि योग्य तीच. (याच आजाराच्या जुन्या, दुबळ्या झालेल्या जंतूंनी कोंबड्या मरत नाहीत, उलट पुढच्या लागणीत तगतात, हे लुई पाश्चरने १८८० मध्ये मांडलं. लसीचं शास्त्र तिथून पुढे गेलं. कोंबड्यांचं आपल्यावर असलेलं हे ऋण फार कमी लोकांना ठाऊक असतं, म्हणून सांगितलं.) तिसरा संशय बर्ड फ्लूचा. डोकं सुजणं, तुरा निळसर काळा होणं, पिसं नसलेल्या पायांवर लालसर रक्ताळ डाग, आणि दोन-तीन दिवसांत खुराडं ओस. या तिन्ही आजारांची सुरुवात परसात उभ्या असलेल्या माणसाला सारखीच दिसते, आणि पुढचं सगळं मात्र नावावर ठरतं : औषध द्यायचं की नाही, माणसांना किती जपायचं, खुराडं किती दिवस रिकामं ठेवायचं.

नाव कळायचा मार्ग एकच. मेलेली कोंबडी तपासायला द्या. हे मी कळवळून सांगते आहे, कारण मी स्वतः ते केलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या अकरा कोंबड्या आठवड्याभरात गेल्या. मी त्या एकेक करून पुरल्या, खुराडं धुतलं, पंधरा दिवसांनी नवी पिल्लं आणली. महिन्याच्या आत तीही गेली. पहिल्या तीन कोंबड्यांपैकी एक जरी मी पशुवैद्याकडे पोचवली असती, तर ती पिल्लं आणलीच नसती.

तपासणीसाठी मेलेली कोंबडी जितकी ताजी तितकी चांगली, शक्यतो चोवीस तासांच्या आतली. हातमोजे आणि मास्क घालून उचला. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी उलटी करून हातात घाला. दोन पिशव्यांत बांधा आणि बर्फासोबत डब्यात ठेवा. बर्फ बाहेरून लावायचा, कोंबडी गोठवायची नाही. गोठली की आतले अवयव तपासायला नीट राहत नाहीत. घरच्या अन्नाच्या फ्रिजमध्येही नको. घरी पोट फाडून बघण्याचा मोह काही जणांना होतो. बर्ड फ्लूचा संशय असताना त्याहून धोक्याचं काही नाही, तेव्हा चाकू लावू नका. आणि निघण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. जिवंत आजारी कोंबडी डालग्यात घालून बसमधून नेणं म्हणजे वाटेत साथ वाटत जाणं. काय आणायचं, कसं आणायचं, की तेच येतील, हे त्यांना ठरवू द्या.

फोनवर त्यांना काय काय सांगायचं, ते एका कागदावर लिहून ठेवा. कोणत्या तारखेला किती गेल्या, वय काय, लस कधी आणि कोणती, नवे पक्षी कधी आले, दाणा बदलला का, जवळपास फवारणी झाली का, अंडी कधीपासून घटली. मुरगळलेल्या मानेचा आणि विष्ठेचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, तो दहा वाक्यांचं काम करतो. आणि दिरांनी दिलेल्या गोळ्यांचं नाव न लाजता सांगा. ते लपवलं तर तपासणीतच घोळ होतो : औषधामुळे जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत आणि उत्तर चुकीचं येतं.

त्या गोळ्यांबद्दल रागावून लिहीत नाही. दिरांनी मायेपोटीच केलं. पण पाण्यातून दिलेलं औषध सगळ्यांत कमी कुणाला मिळतं, तर आजारी कोंबडीला, कारण तिने पाणी पिणंच सोडलेलं असतं. कडवट चव आली की धडधाकट कोंबड्याही कमी पितात. विषाणूच्या आजारावर अँटिबायोटिक चालत नाही. आणि औषधाचा अंश अंड्यात उतरतो तो वेगळाच. आणखी एक चूक बऱ्याच पत्रांत दिसते, म्हणून इतर वाचकांसाठी सांगते. पिल्लांच्या रक्ती हगवणीवर अँप्रोलियम नावाचं औषध देतात. ते काम करतं ते बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल करून, परजीवीला उपाशी ठेवून. लोक त्याच पाण्यात ‘ताकद यावी’ म्हणून जीवनसत्त्वांचं टॉनिक घालतात आणि स्वतःच्याच हाताने औषध निकामी करतात. (रक्ती हगवण मुख्यतः कोवळ्या पिल्लांना होते, तुमच्याकडे ती असण्याची शक्यता कमी.)

आता नाव कळेपर्यंत काय करायचं ते. पेंगणाऱ्या तिघींना वेगळं करा, वाऱ्याच्या दिशेने आणि पाण्याच्या उताराने त्यांचं काही इतर कोंबड्यांकडे जाणार नाही अशा जागी. त्यांना ऊब, सावली आणि तोंडाजवळ स्वच्छ पाणी द्या. बळेच घशात काही ओतू नका, ठसका लागून श्वासनळीत जातं. उरलेल्या सातही बंदिस्त ठेवा. आज त्या बऱ्या दिसतात याचा अर्थ त्या बऱ्या आहेत असा नाही. कोंबड्यांचं काम घरातल्या एकाच माणसाने करावं. आधी बऱ्या दिसणाऱ्यांचं दाणापाणी, शेवटी आजारींचं. हा क्रम उलटा झाला तर वेगळं ठेवल्याचा उपयोग नाही. तिथल्या चपला तिथेच, भांडी वेगळी, काम झालं की साबणाने हात. पाण्याची पातळी रोज बघा. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उकाड्यात दुपटीहून जास्त. सात कोंबड्यांचं पाणी निम्म्यावर आलं, तर दुसरी कोणतीही खूण दिसण्याआधी तुम्हाला कळेल. तपासणीला न जाणाऱ्या मेलेल्या कोंबड्या कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल, विहिरीपासून लांब पुरा आणि वर चुना टाका. उकिरड्यावर, नाल्यात, शेताच्या बांधावर नकोत.

मुलीला सध्या खुराड्याजवळ जाऊ देऊ नका. मानमोडीमुळे माणसाचे डोळे लाल होऊन चुरचुरतात, ते बहुधा आपोआप बरं होतं. बर्ड फ्लू माणसाला क्वचितच होतो, पण झाला तर जड जातो. ज्यांनी मेलेल्या कोंबड्या हाताळल्या त्यांनी दहा दिवस ताप, खोकला, डोळ्यांची लाली यांवर लक्ष ठेवावं. काही जाणवलं तर डॉक्टरांना आपणहून सांगावं की घरी कोंबड्या मेल्या आहेत. डॉक्टर ते विचारतीलच असं नाही.

सासऱ्यांच्या सल्ल्याकडे येते. ‘उभ्या आहेत तोवर विका’ यामागे नुकसान आटोक्यात ठेवायची माणसाची साधी धडपड आहे, ती मला कळते. पण विकलेली कोंबडी कुणाच्या तरी खुराड्यात जाते. तिथेही कुणी तरी ताई असेल, आणि तिच्याकडेही सोळा असतील. तुमच्या चार तलंगा अशाच कुणीतरी ‘उभ्या आहेत तोवर’ विकल्या असतील का, हा विचार तुमच्याही मनात आला असेल. कापायचं म्हणाल, तर समज अशी असते की शिजवलं की झालं. मांस ७० अंशांवर सगळीकडून शिजलं तर बर्ड फ्लूचा विषाणू मरतो, हे खरं आहे. पण माणसाला धोका ताटात नसतो, तो कापताना, पिसं काढताना, आतडी साफ करताना असतो. १९९७ मध्ये हाँगकाँगला बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू पहिल्यांदा माणसांत आढळला, तेव्हा १८ जणांना लागण झाली आणि सहा जण दगावले. त्या साथीचा माग जिवंत कोंबड्यांच्या बाजारांपर्यंत गेला. म्हणून निदान हाती येईपर्यंत विकणं नाही, कापणं नाही, कुणाला भेट देणं नाही. अंडीही खाऊ नका. साथीचं कारण आहेच, शिवाय त्यांत त्या गोळ्यांचा अंश असणार. खाण्याचा निर्णय पुढे पशुवैद्यांना विचारून घ्या, आणि विचारताना गोळीचं नाव व दिल्याची तारीख सांगा.

आता बोभाट्याबद्दल. मला वाटतं, तुमच्या पत्रातली सगळ्यांत अवघड गोष्ट हीच आहे. तुम्हाला भीती आहे की शेजारी दोष देतील, अधिकारी येऊन सगळ्याच मारून टाकतील. पहिली भीती खरी ठरू शकते, दोन दिवस बोलणं बंद होईल कदाचित. पण त्यांच्या कोंबड्या तुमच्या कुंपणापलीकडेच चरत असतील तर आजचा प्रत्येक तास मोलाचा आहे. आज सांगितलंत तर शेजारच्या ताई आपल्या कोंबड्या कोंडून घेतील, तुमच्याकडून आलेली चप्पल खुराड्याबाहेर ठेवतील आणि कदाचित त्यांचा कळप वाचेल. चार दिवसांनी त्यांच्याकडे पहिली कोंबडी मेली की सांगण्यासारखं काही उरत नाही. कदाचित असंही निघेल की त्यांच्याकडे आठवड्यापूर्वीच दोन गेल्या होत्या आणि त्याही बोभाट्याच्या भीतीने गप्प होत्या. असं मी पाहिलं आहे.

दुसऱ्या भीतीचं म्हणाल, तर बर्ड फ्लू आणि मानमोडीचा तीव्र प्रकार हे दोन्ही बहुतेक देशांत कळवणं बंधनकारक असलेले आजार आहेत. बर्ड फ्लू निघाला तर आसपासचे पक्षी मारावे लागू शकतात, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. पण अनेक ठिकाणी भरपाईचा नियम असा असतो की मारायच्या वेळी जिवंत असलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळतात, आधीच मेलेल्यांचे नाही. गप्प राहून कोंबडीही जाते आणि भरपाईही. तुमच्याकडचा नियम फोन कराल तेव्हाच विचारून घ्या.

आणि तुमची ती शेवटची ओळ. ‘नाही हो, तुमचा काही दोष नाही’ असं लिहून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. नव्या तलंगा थेट जुन्यांत सोडायला नको होत्या. नवा पक्षी किमान तीन-चार आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवायचा असतो. पण त्या तलंगा तुम्ही डोळे झाकून घेतल्या नव्हत्या. डोळे तेजस्वी, तुरा लाल, पाय मजबूत, सगळं पाहून घेतल्या असं लिहिता. ‘दिसायला निरोगी म्हणजे निरोगी’ हा समज केवळ तुमचा नाही, तो जवळजवळ सगळ्यांचा असतो. लस टोचलेली कोंबडी स्वतः आजारी न पडताही मानमोडीचा विषाणू बाहेर टाकू शकते. सर्दी-खोकल्याचे काही जंतू कोंबडी जन्मभर अंगात बाळगते. कधी तर उलटं होतं : जुना कळप जंतू बाळगून सुखात असतो आणि बिचारी नवी त्याला बळी पडते. तुमच्या मेलेल्या सहांत किती नव्या आणि किती जुन्या, ते पत्रात नाही. तो हिशेब मांडून पशुवैद्यांना सांगा, त्यातून दिशा कळेल. शिवाय साथ येण्याच्या वाटा अनेक : रानपाखरं, उंदीर-घुशी, दुसऱ्यांच्या खुराड्यातून आलेली चप्पल, फिरते अंड्यांचे ट्रे. तलंगा हीच वाट होती हे ठरलेलं नाही. ठरलं तरी, माहीत नसताना झालेली चूक आणि कळल्यावर झाकलेली गोष्ट यांत फार फरक आहे. पहिली होऊन गेली. दुसरी टाळणं अजून तुमच्या हातात आहे.

मुलीच्या कोंबडीबद्दल लिहायला मला जड जातं आहे. मानमोडीतून एखादी कोंबडी तगते, पण मुरगळलेली मान बहुधा तशीच राहते. ती दाणा टिपू शकत नसेल, पाणी पिताना कलंडत असेल, तर दिवस वाढवणं म्हणजे तिचा त्रास वाढवणं. पशुवैद्य तिला वेदना न होऊ देता शांत करू शकतात. तपासणीसाठी नुकताच गेलेला पक्षी सगळ्यांत चांगला नमुना असतो, हेही खरं. मुलीला ‘कोंबडी मामाकडे पाठवली’ असं सांगू नका. दहा वर्षांचं मूल सहा मेलेल्या कोंबड्या मोजू शकतं. तिला सांगा की तिची कोंबडी फार आजारी आहे, बरी होणार नाही, आणि तिला तपासल्यामुळे बाकीच्यांना काय झालंय ते कळेल. रडली तर रडू द्या. निरोप तिने लांबून घ्यावा, हात न लावता. तेवढं मात्र पाळा.

पुढचं थोडक्यात. साथ थांबल्यावर खुराडं धुताना लोक आधी जंतुनाशक ओततात, ते वाया जातं. शेणकूट, विष्ठा, जुना तूस यांच्या थराखाली औषध पोचत नाही. आधी सगळं खरवडून काढा, साबणाच्या पाण्याने घासा, कडकडीत वाळू द्या, मग जंतुनाशक, मग ऊन. किती दिवस रिकामं ठेवायचं ते आजाराच्या नावावर. चार आठवड्यांच्या आत मात्र मनातही आणू नका. रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत, तिथे कोरडेपणाच कामी येतो. आणि वाचलेल्या कोंबड्या असतील तर नव्या आणण्याआधी विचारा, त्या आता विषाणू बाहेर टाकत आहेत का.

लस. तुमच्या कोंबड्यांना ती कधीच दिली नव्हती असं लिहिता, कारण ‘कुपी शंभर कोंबड्यांची येते, आमच्या सोळा’. ही अडचण खरी आहे. कुपी एकदा पाण्यात मिसळली की दीड-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर ती २ ते ८ अंशांत गार राहायला हवी. गावोगावच्या मोकळ्या कोंबड्यांसाठी उष्णता थोडी जास्त सोसणारी आय-२ नावाची लसही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ती तयार झाली. डोळ्यात एक थेंब, दर चार महिन्यांनी. तुमच्याकडे कोणती मिळते ते पशुवैद्य सांगतील. ऐन साथीत मात्र घाईने लस टोचू नका. ज्यांच्या अंगात विषाणू शिरला आहे त्यांना तिचा फायदा नाही, आणि कोंबड्या एकामागून एक हाताळताना साथच पसरते. केव्हा द्यायची ते विचारूनच.

कुपीचं गणित सोपं आहे. तुमच्या दहा, शेजारच्या असतील तेवढ्या, पलीकडच्या दोन-तीन घरांच्या मिळून साठ-सत्तर होतात. एकाने आणायची, एकाच सकाळी सगळ्यांनी घालून घ्यायची, तारीख भिंतीवर लिहून ठेवायची. हे बोलणं शेजारच्या ताईंशी तुम्हाला कधीतरी करावंच लागणार आहे. आज कुंपणापाशी जाल तेव्हा कोंबड्यांचं सांगून झालं की त्यांना हेही विचारा. तपासणीचा निकाल आला की मला नक्की कळवा.